फोनचा चालू टाइमझोन कोडमध्ये कसा घ्यायचा? ऑफसेट पाठवला की वेळ तासाने चुकते

सोनचाफा

औषधाची आठवण करून देणारं अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर कोटलिन आणि आयफोनवर स्विफ्ट. वापरकर्ता ‘रोज सकाळी ८’ अशी वेळ टाकतो. फोन यूटीसीपासूनचा (जगाची प्रमाणवेळ) फरक, म्हणजे ऑफसेट, मिनिटांत सर्व्हरला पाठवतो आणि पुश नोटिफिकेशन कधी सोडायचं ते सर्व्हर त्यावरून काढतो. भारताचा झोन असलेल्या फोनवर ३३० धरून सगळं बरोबर चालतं. न्यूयॉर्कचा झोन असलेल्या फोनवर मात्र मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली की आठवण ९ वाजता येते. अँड्रॉइडवर ‘टाइमझोन.गेटडिफॉल्ट’ घेऊन त्यावर ‘गेटरॉऑफसेट’ वापरलं आहे. मार्चनंतर तोच फरक पुन्हा पाठवला तरी उणे ३०० च येतो. फरकाऐवजी झोनचं छोटं नाव घेतलं तर भारतासाठी ‘आयएसटी’ मिळतं, ते पुरेल का? यासाठी लोकेशनची परवानगी लागते का? आणि वापरकर्त्याने झोन बदलला तर अ‍ॅपला कसं कळणार?

रात्रपाळी

फरक पाठवू नका, झोनचा आयडी पाठवा. ‘अमेरिका/न्यूयॉर्क’, ‘आशिया/कोलकाता’ असा जो आयएएनएच्या (इंटरनेटवरची नावं-क्रमांक सांभाळणारी संस्था) यादीतला आयडी असतो, तोच. फरक हा फक्त एका क्षणापुरता खरा असतो. न्यूयॉर्कमध्ये तो हिवाळ्यात उणे ५ तास आणि उन्हाळ्यात उणे ४ तास. हिवाळ्यात साठवलेल्या फरकाने सकाळचे ८ म्हणजे यूटीसी १३:००, आणि उन्हाळ्यात यूटीसी १३:०० ला तिथे ९ वाजलेले असतात. तुमची तासाची चूक इथली आहे.

‘गेटरॉऑफसेट’ डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणं) धरतच नाही, म्हणून कधीही विचारा, उणे ३०० च येणार. फरक लागलाच तर ‘गेटऑफसेट’ला तो क्षण मिलिसेकंदांत द्या. आयफोनवर ‘सेकंड्सफ्रॉमजीएमटी’ला तारीख द्या. तारीख न देता विचारलं तर आत्ताचा फरक मिळतो, आणि पुढच्या महिन्याच्या वेळेसाठी तो चुकू शकतो.

आयडी घेणं एका ओळीचं काम आहे. अँड्रॉइडवर ‘झोनआयडी.सिस्टमडिफॉल्ट’ आणि त्याचा ‘आयडी’. हे एपीआय २६, म्हणजे अँड्रॉइड ८ पासून आहे. त्याखालच्या फोनसाठी ग्रेडलमध्ये (अ‍ॅप बांधणारं साधन) कोअर लायब्ररी डीशुगरिंग (नवे जावा वर्ग जुन्या फोनवर चालवणारी सोय) चालू करा, किंवा जुनं ‘टाइमझोन.गेटडिफॉल्ट’ घेऊन त्याचा ‘आयडी’ वाचा. आयफोनवर ‘टाइमझोन.करंट.आयडेंटिफायर’. परवानगी कुठेच लागत नाही, कारण हे सेटिंग वाचणं आहे, ठिकाण शोधणं नव्हे. म्हणूनच त्यावरून वापरकर्ता कोणत्या देशात आहे याचा अंदाज बांधू नका. स्वयंचलित वेळ बंद करून कुणीही कुठलाही झोन लावू शकतो.

छोट्या नावाचा विचार पूर्ण सोडा. ‘आयएसटी’ भारताचंही, आयर्लंडच्या उन्हाळी वेळेचंही आणि इस्रायलचंही. जावातला सापळा तर आणखी वाईट आहे: जुन्या ‘टाइमझोन.गेटटाइमझोन’ला अनोळखी नाव दिलं की ते एरर न देता गुपचूप जीएमटी परत करतं. ‘झोनआयडी.ऑफ’ एक्सेप्शन टाकतं. सर्व्हरवर तेच वापरा, चूक पहिल्याच दिवशी दिसेल.

धूमकेतू

वरच्या उत्तराला जोडून, झोन बदलल्याचं कसं कळतं ते.

अँड्रॉइडवर ‘अ‍ॅक्शन टाइमझोन चेंज्ड’ हा ब्रॉडकास्ट, म्हणजे सिस्टमने अ‍ॅप्सना दिलेली सूचना, आहे. अँड्रॉइड ८ पासून मॅनिफेस्टमधल्या (अ‍ॅपची माहिती देणारी फाइल) रिसीव्हरवर, म्हणजे अशी सूचना झेलणाऱ्या कोडवर, बंधनं आली, पण हा ब्रॉडकास्ट त्यातून वगळलेला आहे. त्यामुळे रिसीव्हर मॅनिफेस्टमध्ये ठेवा, अ‍ॅप चालू नसतानाही तो जागा होतो. वापरकर्त्याने अ‍ॅप ‘फोर्स स्टॉप’ केलं असेल तर मात्र नाही.

आयफोनवर ‘एनएससिस्टमटाइमझोनडिडचेंज’ हे नोटिफिकेशन आहे, पण अ‍ॅप बंद असताना त्याचा उपयोग नाही. म्हणून दोन्हीकडे एक साधी तपासणी ठेवाच: अ‍ॅप समोर आलं की आयडी ताजा वाचायचा, शेवटी पाठवलेल्याशी ताडायचा, वेगळा असेल तर सर्व्हरला कळवायचा. माझ्या मते मुख्य आधार हीच तपासणी असावी, ब्रॉडकास्ट तिच्या मदतीला.

आता जिथे लोक हमखास अडकतात ती जागा: आयडी किंवा फॉर्मॅटर स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये धरून ठेवणं. ‘सिंपलडेटफॉरमॅट’ तयार होताना जो झोन असतो तोच धरून बसतो, फोनचा झोन बदलला तरी जुन्याच वेळा दाखवत राहतो. आयफोनवर ‘एनएसटाइमझोन.सिस्टम’ची किंमतही कॅश होते, ‘रीसेटसिस्टमटाइमझोन’ केल्याशिवाय ती नवी होत नाही. झोन धरूनच ठेवायचा असेल तर ‘ऑटोअपडेटिंगकरंट’ घ्या.

शिवाय, रोजच्या आठवणीसाठी सर्व्हर हवाच का? आयफोनवर ‘यूएनकॅलेंडरनोटिफिकेशनट्रिगर’ला फक्त तास-मिनिट द्या, झोन देऊ नका, म्हणजे तो फोनच्या चालू झोनप्रमाणे वाजतो. अँड्रॉइडच्या ‘अलार्ममॅनेजर’ला यूटीसीतले मिलिसेकंद लागतात, तेव्हा झोन बदलल्यावर आणि फोन रीस्टार्ट झाल्यावर अलार्म नव्याने लावावे लागतात. औषध आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो: प्रवासात ‘सकाळी ८’ नव्या ठिकाणचे की जुन्या, हे कोडने परस्पर ठरवू नये. काही औषधांत दोन डोसमधलं अंतरच महत्त्वाचं असतं. झोन बदलला की वापरकर्त्याला विचारा.

सोनचाफा

आयडी पाठवायला लागलो. एक अडचण: वेब आवृत्तीतून क्रोम ‘आशिया/कलकत्ता’ पाठवतं आणि सर्व्हरवर आमच्या यादीत फक्त ‘आशिया/कोलकाता’ आहे, म्हणून विनंती नाकारली जाते. यादीत एकेक नाव वाढवत जायचं का?

रात्रपाळी

हाताने केलेली यादीच काढून टाका. ही दोन्ही नावं एकाच झोनची आहेत, जुनं नाव टीझेड डेटाबेसमध्ये (आयएएनएची तीच झोनची यादी, नियमांसह) दुवा म्हणून कायम ठेवलेलं असतं. ‘काटमांडू’ आणि ‘काठमांडू’चं तसंच. ‘युरोप/कीव्ह’चं इंग्रजी स्पेलिंग २०२२ च्या ‘बी’ आवृत्तीत बदललं, ज्या सर्व्हरचा डेटा त्याआधीचा आहे त्याला नवं नाव ओळखताच येत नाही. तपासणी टीझेड लायब्ररीला करू द्या आणि दोन वापरकर्त्यांचे झोन सारखे आहेत का हे आयडीची अक्षरं जुळवून ठरवू नका.

डेटा ताजा ठेवणं हे तुमच्या नियमित कामात धरा. मेक्सिकोच्या बहुतेक भागाने २०२२ मध्ये डेलाइट सेव्हिंग बंद केलं, इजिप्तने २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. अँड्रॉइड १० पासून हा डेटा वेगळ्या मॉड्यूलमधून अपडेट होऊ शकतो, पण जुन्या फोनवर तो जुनाच राहू शकतो. म्हणून पुढच्या वेळा यूटीसीत काढून महिनोन्‌महिने साठवू नका. ‘०८:००’ आणि आयडी साठवा, यूटीसीतला क्षण पुढच्या एकाच आठवणीपुरता काढा. होऊन गेलेल्या नोंदी, म्हणजे डोस कधी घेतला ते, मात्र यूटीसीतच ठेवा.

वाळूघड्याळ

फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही फोनांची अ‍ॅप्स बनवायचं साधन) हेच करणाऱ्यांसाठी: ‘डेटटाइम.नाऊ’चं ‘टाइमझोननेम’ हे आयडी नव्हे, त्यावर विसंबू नका. ‘फ्लटर टाइमझोन’ पॅकेज आयडी देतं. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल.डेटटाइमफॉरमॅट’च्या ‘रिझॉल्व्ह्डऑप्शन्स’मधून ‘टाइमझोन’ घ्या. तिथल्या ‘गेटटाइमझोनऑफसेट’चं चिन्ह उलटं असतं, भारतासाठी उणे ३३० येतं.

चाचणीसाठी तीन झोन पुरतात. काठमांडू, कारण फरक ५ तास ४५ मिनिटं, आणि पूर्ण तास गृहीत धरणारा कोड तिथे लगेच उघडा पडतो. न्यूयॉर्क, ८ मार्च २०२६ ला रात्री २:३० ची आठवण लावून: ती वेळ त्या दिवशी अस्तित्वातच नाही, जावाचं ‘झोन्डडेटटाइम’ ती ३:३० करतं. आणि १ नोव्हेंबर २०२६ ला १:३०, जी दोनदा येते. तिथे आठवणही दोनदा वाजत नाही ना, ते पाहा. तिसरा ‘लॉर्ड हाऊ’ हे ऑस्ट्रेलियाचं बेट, त्याचं डेलाइट सेव्हिंग अर्ध्याच तासाचं आहे. अँड्रॉइड एम्युलेटर सुरू करताना ‘टाइमझोन’ पर्याय देता येतो. आयफोनचा सिम्युलेटर मॅकचाच झोन घेतो, तो बदलायला एक्सकोडच्या स्कीममध्ये ‘टीझेड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल घाला. चालू अ‍ॅपमध्ये झोन बदलल्यावर काय होतं हे मात्र खऱ्या फोनवर, सेटिंगमधून बदलूनच तपासा.