'लॅझरस': मारेकरी येईपर्यंत दम धरा

'लॅझरस' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका अर्ध्यावर सोडू की पुढे बघू, असं कुणीतरी विचारलंय. माझं मत: बघा, पण त्या मारेकऱ्यासाठी.

दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबेची मालिका, मापा हा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ, मारामारीची आखणी 'जॉन विक'वाल्या चॅड स्टाहेल्स्कीची. म्हणजे कागदावर सगळं तगडं. कल्पनाही जबरदस्त: २०५२ साल, हाप्ना नावाचं वेदनाशामक जगभर खाल्लं गेलंय आणि तेच आता जीव घेणार. ते बनवणाऱ्या डॉ. स्किनरकडेच उतारा आहे आणि त्याला शोधायला हाताशी फक्त ३० दिवस. तरीही ती घाई कुठे जाणवतच नाही! दर भागात नवा धागा, तो फुसका निघाला की पुढचा.

अ‍ॅक्सेलचं तर मला कधी टेन्शनच आलं नाही. ८८८ वर्षांची शिक्षा झालेला हा आपला नायक पहिल्याच भागात तुरुंगातून निसटतो, गच्च्यांवरून उड्या मारत पळतो, चेहऱ्यावर तेच हसू. उत्तरार्धात मारेकरी त्याच्या मागे लागतो तेव्हा कुठे ते हसू उतरतं. हा बाबा वेगात अ‍ॅक्सेलला तोडीस तोड, वर फारसा बोलतही नाही. एकूण भाग १३च, त्यामुळे त्याच्या वाट्याला वेळ फार कमी आलाय. चौथ्या-पाचव्या भागातच आणायला हवा होता, राव.