उघडी खाण म्हणजे सगळ्या सारख्याच का? कोळसा, तांबं, खडी

प्रश्नचिन्ह:
मित्राशी वाद चालू आहे. तो म्हणतो डोंगर फोडला की नुकसान तेवढंच, मग कोळशासाठी फोडा नाहीतर खडीसाठी. मला पटत नाहीये पण मुद्देसूद उत्तरही सुचत नाहीये. खड्डा जेवढा मोठा तेवढं नुकसान, एवढं सरळ गणित आहे का?

खडकाळ:
अजिबात नाही. साईज सोडा, आधी दगडात गंधक किती आहे ते बघा. तांबं बहुतेक वेळा सल्फाइडच्या (गंधकयुक्त) दगडात सापडतं, सोबत पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असतं, ते जमिनीखाली होतं तोवर लाखो वर्षं गप्प होतं, आता उघडं पडून हवा-पाणी लागलं की त्यातून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं आणि ते दगडातलं तांबं, कॅडमियम, जे असेल ते विरघळवत ओढ्याकडे निघतं. अमेरिकेत मोंटानामधली बर्कली पिट ही तांब्याची खाण १९८२ ला बंद झाली, पंपही थांबवले, खड्डा पाण्याने भरत गेला. १९९५ ला हिमहंसांचा थवा त्या पाण्यावर उतरला आणि ३४२ पक्षी मेले. खाण बंद होऊन १३ वर्षं झाली होती तेव्हा!! शिवाय हल्ली १ टक्क्याहून कमी तांबं असलेला दगडही काढतात, म्हणजे टनामागे १० किलोसुद्धा नाही, बाकीचा दळून टेलिंगच्या (धातू काढून उरलेल्या गाळाच्या) तळ्यात. खडीच्या खाणीत निघालेला बहुतेक दगड विकलाच जातो.

मातीखालची:
खडीची खाण एवढी पण निरागस नाही हं. सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार, आणि तो बरा होत नाही. ॲसिड नाही म्हणजे त्रास नाही असं कसं?

कोळशाचं कोणी बोललंच नाही. थर आडवा पसरलेला असतो म्हणून जमीन प्रचंड लागते, पण त्यातच एक सोय पण आहे, पुढे खणत जायचं आणि मागचा खड्डा ओव्हरबर्डनने (कोळशावरच्या माती-दगडाने) भरत यायचं. तांब्याची खाण फनेलसारखी खाली खाली जाते, काम संपेपर्यंत भरताच येत नाही. अर्थात वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवली असेल तरच त्या भरावाला अर्थ, ती ढिगाऱ्याखाली गाडली गेली की झाडं लावायचे फक्त फोटो निघतात. आणि भूजल? जर्मनीतली हांबाखची लिग्नाइटची (तपकिरी कोळशाची) खाण कोरडी ठेवायला भोवती विहिरी खोदून सतत उपसा करावा लागला, त्याचा परिणाम खाणीच्या हद्दीपुरता राहत नाही.

प्रश्नचिन्ह:
मग लोहखनिज बरं म्हणायचं? ॲसिडचा प्रश्न कमी असेल ना?

खडकाळ:
ऑक्साइडचं (गंधकाऐवजी ऑक्सिजन असलेलं) असेल तर ॲसिड कमी, हो. पण ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्होला २०१९ ला जो टेलिंगचा बांध फुटला तो लोखंडाच्याच खाणीचा होता, २७० माणसं गेली. तिथे ॲसिडची गरज पडली नाही, नुसता ओला गाळ पुरला.

@मातीखालची धुळीचं मान्य, मी नदीच्या बाजूनेच विचार करत होतो.

प्रश्नचिन्ह:
ओके, मित्राला आता एवढंच विचारतो की खाण बंद झाल्यावर तिथलं पाणी कोण उपसणार आणि किती वर्षं. बघू काय म्हणतो.