'तापमानवाढ' : वाढ, पण कशापेक्षा?

सदाशिव पेठेतून
आयटीआयच्या मुलांसाठी रोहित्रांवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) एक पुस्तिका मराठीत करते आहे. 'टेम्परेचर राइज टेस्ट'ला 'तापमानवाढ चाचणी' लिहिलं. कच्चा मजकूर एका विद्यार्थ्याला वाचायला दिला, तर 'तेलाची तापमानवाढ ६०' वाचून तो म्हणाला, तेल ६० अंशांपर्यंतच तापतं. शब्द बदलू का? 'तापवृद्धी' चालेल?

भोसरीहून
ताई, 'तापवृद्धी' नको. 'ताप' म्हटलं की आधी आजारपण आठवतं. आम्ही टेस्टिंगवाले 'हीट रन' म्हणतो: "आज हीट रन लावलाय, रात्रपाळीला दोघं थांबा."

तुमचा शब्द बरोबरच आहे, फक्त वाक्य अर्धं राहिलंय. ही वाढ सभोवतालच्या हवेपेक्षा मोजतात. टाकीपासून दोनेक मीटरवर, चहूबाजूंना तेलाचे डबे ठेवून त्यांत थर्मामीटर बुडवायचे. उघडा थर्मामीटर ठेवला तर शेडचं शटर वर गेलं की झुळकेनं आकडा हलतो. डब्यातलं तेल इतक्या लवकर बिथरत नाही. डब्यांची सरासरी ३१ आणि टाकीतलं वरचं तेल ८५, तर वाढ ५४. आयईसी ६००७६-२ या आंतरराष्ट्रीय मानकात नेहमीच्या तेलाच्या रोहित्राला वरच्या तेलासाठी ६० आणि वाइंडिंगच्या (तारेच्या गुंडाळीच्या) सरासरीसाठी ६५ केल्विन ही मर्यादा आहे. फरक मोजताना एक केल्विन म्हणजे एक सेल्सिअस अंशच. म्हणजे ३५ अंशांच्या दुपारी तेल ९४ ला पोचलं तरी ते मर्यादेत आहे.

कोथरूडहून
'तापमानचढ' कसा वाटतो? पारा चढतो, आणि चढ म्हटला की तो कुठून सुरू झाला हे विचारावंसं वाटतं.

सदाशिव पेठेतून
शब्द गोड आहे, पण मुलांना रोजच्या पेपरातून 'तापमानवाढ'च ओळखीचा. आणि तिथेही दीड अंश म्हणतात तो औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षाच ना! तेव्हा शब्द ठेवते, आणि आकडा येईल तिथे 'सभोवतालापेक्षा' लिहिते. आता वाइंडिंगचं सांगा. तिथे थर्मामीटर कसा पोचतो?

भोसरीहून
पोचत नाही. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, त्यावरून हिशेब करतात. शॉर्ट सर्किट पद्धतीत एक वाइंडिंग शॉर्ट करून दुसरीकडून एकूण लॉस (रोहित्रात उष्णता होऊन वाया जाणारी वीज) भरून निघेल एवढा करंट देतात. तेल तापण्याचा वेग तासाला एक केल्विनच्या आत आला आणि तीन तास तसाच राहिला, की करंट रेटेडवर (रोहित्रासाठी ठरवून दिलेल्या आकड्यावर) आणून एक तास चालवतात. मग सप्लाय बंद, आणि खरी धावपळ तेव्हा. शॉर्टिंग सोडून डीसी जोडून पहिलं रीडिंग मिळेपर्यंत वाइंडिंग थोडं निवलेलं असतं. म्हणून ठरावीक वेळानं रीडिंगं घेत ग्राफ काढायचा आणि तो बंद केल्याच्या क्षणापर्यंत मागे न्यायचा.

कोथरूडहून
याला परिभाषेत 'बहिर्वेशन' म्हणतात.

भोसरीहून
कंसात द्या, पण मुलांना 'ग्राफ मागे नेणे' चटकन कळेल. आणि ताई, 'कोल्ड रेझिस्टन्स'ला स्वतंत्र ओळ द्याच. रोहित्र पूर्ण थंड असताना घेतलेला रेझिस्टन्स आणि त्या वेळचं तेलाचं तापमान, दोन्ही नोंदवलेले हवेत. ते नसतील तर गरम रीडिंग कितीही अचूक घ्या, वाढ काढताच येत नाही.

सदाशिव पेठेतून
'थंड अवस्थेतील रोध' असं लिहिते, चाचणीच्या पहिल्या पायरीतच.