भाड्यातून घरमालकी: बेसा येथील फ्लॅटबाबत सल्ला हवा

प्रश्न: नागपूरजवळच्या बेसा येथील फ्लॅटसाठी एक कंपनी ३ लाख रुपये आगाऊ व दरमहा २२ हजार भाडे मागते आणि त्यातील ६ हजार पाच वर्षांनी किमतीतून वळते होतील असे सांगते, मात्र ११ महिन्यांच्या भाडेकरारात या वळतीचा उल्लेखच नाही. पुढे जावे का?

प्रतिसाद १: उल्लेख नसेल, तर ते ६ हजारही निव्वळ भाडेच ठरतील. पाच वर्षांनंतरची किंमत आजच लिहून घ्यावी, आणि हप्ता चुकल्यास जमा रकमेचे काय होईल, हेही.

प्रतिसाद २: मुळात फ्लॅट कंपनीच्या नावावर आहे का, हे इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयातील दस्तनोंदीचा उतारा) वर पाहावे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार केवळ विक्रीच्या कराराने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. विकासकच विकत असेल, तर नोंदणीकृत कराराशिवाय त्याला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याचे कलम १३ सांगते.

प्रश्नकर्ता: इंडेक्स-२ वर तिसऱ्याच गृहस्थांचे नाव निघाले. आगाऊ रक्कम तूर्त थांबवली आहे.