जीपचा टाय रॉड वाकला, घरीच मजबूत बनवायचा आहे. सल्ला हवा

ओढ्याकाठचा :
माझी जुनी एमएम ५४० आहे. गेल्या रविवारी वेल्ह्याच्या पुढे ओढा ओलांडताना टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) दगडावर बसला आणि मधोमध वाकला, पुढची चाकं फाकली. रॉड काढून दोन धोंड्यांत अडकवला, कसाबसा सरळ केला आणि रांगत घरी आलो. घरी आर्क वेल्डिंग आणि ग्राइंडर आहे, गल्लीत ओळखीचा लेथवाला आहे. जुन्याच रॉडला अँगल वेल्ड करू, की जाड सळईचा नवा करू?

लेथवर :
जुना रॉड भंगारात घाला. वाकवून सरळ केलेलं लोखंड पुढच्या दणक्याला त्याच जागी बसतं, आणि अँगलचं वेल्डिंग जिथे संपतं तिथून चीर जायची भीती.

सळईही नको, जाड भिंतीचा सीमलेस (बिनजोड) पाईप घ्या. २२ मिमीची भरीव सळई आणि ८ मिमी जाडीचा, बाहेरून ३२ मिमीचा पाईप यांची तुलना करा. पाईपचं वजन साधारण १.६ पट भरतं, पण ताठपणा चौपटीहून जास्त. वाकताना खरा जोर बाहेरच्या थरावर येतो, मधलं लोखंड नुसतं ओझं.

दुसरा फायदा असा की या पाईपचं भोक १६ मिमी असतं. तुमच्या टाय रॉड एंडचे (रॉडच्या टोकाच्या सांध्याचे) आटे समजा १८ × १.५ (१८ मिमी व्यास, दीड मिमी पिच) निघाले, तर साडेसोळाचं ड्रिल फिरवून थेट टॅप मारता (आत आटे पाडता) येतो, वेल्डिंगची गरजच नाही. आधी गेजने आटे मोजून घ्या, अंदाजाने टॅप आणू नका. एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे हवेत, म्हणजे रॉड बसवल्यावर नुसता पाईप फिरवून टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) जुळतो. आट्यांच्या व्यासाच्या दीडपट तरी एंड आत जायला हवा. दोन्हीकडे लॉक नट लावा.

पाणी दिलेलं कडक स्टील कोणी सुचवलं तर ऐकू नका. रॉड वाकला तर घरी येता येतं. तो तुटला तर दोन चाकं दोन दिशांना जातात, आणि त्या वेळी घाटात असलात तर काय होईल ते सांगायला नको.

चिखलवाट :
वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण रॉड ताठ झाला की धक्का पुढे सरकतो. माझ्या जीपला जाड रॉड घातल्यावर सहा महिन्यांत स्टिअरिंग बॉक्सच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला केसाएवढी चीर गेली. धूळ पुसली म्हणून दिसली. आता दर ट्रिपनंतर वायर ब्रश मारून टॉर्चने बघतो.

जाड रॉडला जागाही जास्त लागते. चेसिस जॅकवर घेऊन एक चाक पूर्ण वर दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. पाटे किंवा डिफरन्शियलला रॉड कुठे घासत नाही ना, ते रस्त्यावर काढण्याआधीच कळायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेही वाचून ठेवा.

ओढ्याकाठचा :
पाईपच आणतो. ड्रॉप आर्मही (स्टिअरिंग बॉक्सला लावलेला दांडा) किंचित वाकलेला वाटतोय. गॅसवर तापवून सरळ केला तर?

लेथवर :
अजिबात नाही! तो फोर्ज केलेला आणि उष्णोपचार दिलेला असतो. लाल केला की तो उपचार गेला, आणि वरून काहीच दिसत नाही. ड्रॉप आर्म आणि नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग) हे नवेच घ्यायचे, त्यांना वेल्डिंगही नाही.

बसवताना कॅसल नट (वर खाचा असलेला नट) ठरलेल्या टॉर्कला आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट सैल करायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. पिन नवी घाला. मग दोन्ही टायरच्या मधोमध खडूची रेघ ओढून चाकांच्या पुढचं आणि मागचं अंतर मोजा. मॅन्युअलमध्ये दिलेला फरक येईपर्यंत पाईप फिरवा, लॉक नट आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासा.