बी-३०४ चं समन्स

शनिवार

गोखले (चेअरमन), सायं. ६:१२
सर्व सभासदांना नमस्कार. आज दुपारी कोर्टाचा एक कागद गेटवर आला आणि वॉचमनने कुरिअर समजून सही करून घेतला. कोणाचं नाव इथे लिहीत नाही. पण असे कागद ज्याचे त्याने घरी घ्यावेत. गेटवर चार लोक बघतात, सोसायटीची शोभा होते. कृपया सहकार्य करावे. 🙏

नलिनी काकू, बी-१०१, ६:१४
कोणाचं आलंय?

प्रसाद, बी-२०२, ६:१४
काकू, नाव लिहीत नाही म्हणालेत ते.

नलिनी काकू, ६:१५
ते वाचलं मी. कोणाचं आलंय?

जगताप, ए-४०५, ६:१९
हा संदेश काढून टाकण्यात आला.

भिडे आजोबा, बी-३०४, ६:३१
माझं आहे. नाव लिहिलं असतंत तरी हरकत नव्हती गोखले. पोस्टात ३६ वर्षं काढली, लोकांची समन्सं रजिस्टरने घरोघर पोचवली. स्वतःला आलेलं हे पहिलंच. स्कूटर माझ्या नावावर आहे, चालवतो नातू.

नलिनी काकू, ६:३२
अगबाई. ओंकारने कोणाला ठोकलं का?

स्मिता, बी-३०४, ६:३३
नाही हो काकू. साधी चलानं आहेत. मी सांगून सांगून थकले, भरून टाक. ऐकत नाही. बाबांना या वयात कोर्टात उभं करतोय.

जगताप, ६:३५
लोकअदालतीत टाका. तडजोडीत मिटतं. माझ्या मेव्हण्याचं मिटलं.

देशपांडे, ए-१०२, ६:४०
नियम पाळले की चलान येत नाही. मी १९८८ पासून गाडी चालवतो, एकही नाही.

प्रसाद, ६:४१
काका, तुमची गाडी कव्हरखाली असते. कव्हरला चलान देत नाहीत.

शेख भाई, डी-३०३, ६:४४
😂

गोखले (चेअरमन), ६:५०
विषय भरकटवू नये. हा ग्रुप महत्त्वाच्या संदेशांसाठी आहे.

नलिनी काकू, ६:५१
टँकर किती वाजता आहे उद्या?

ओंकार, बी-३०४, ७:२२
क्लासमध्ये होतो, आत्ता बघितलं. चर्चा झालीच आहे तर सगळंच सांगतो. तीन चलानं होती. पहिलं हेल्मेटचं, ५०० रुपये. दूध आणायला गेलो होतो, ट्रॅफिकच्या मामांनी समोरून फोटो काढला. चूक माझी, त्याच रात्री भरलं.
दुसरं सिग्नल तोडल्याचं. फोटोत मोटरसायकल आहे. आजोबांची स्कूटर आख्ख्या सोसायटीला माहितीये. आपल्या नंबरच्या शेवटी ३ आहे, फोटोतल्या गाडीचा ८ आहे पण फॅन्सी प्लेटवर तो ३ सारखा दिसतो.
तिसरं नो-पार्किंग. आपल्याच गेटबाहेर.
पोर्टलवर तक्रार केली होती, फोटो जोडून. एका ओळीत फेटाळली. मग प्रकरण व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन कोर्टात गेलं, तिथे दंड भरा किंवा लढा असे दोन पर्याय असतात. मी लढा दाबलं.

प्रसाद, ७:२४
दोन चलानांसाठी कोर्ट? एक दिवस बुडणार, गाडी लावायला जागा नाही तिकडे, तिथेच तिसरं चलान येणार.

जगताप, ७:२५
म्हणून म्हणतोय, लोकअदालत.

देशपांडे, ७:३१
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात. पण आजकालच्या मुलांना पाचशे रुपये भरण्यापेक्षा तत्त्वाचा पुळका जास्त.

भिडे आजोबा, ७:३५
देशपांडे, पाण्याच्या मोटारीच्या बिलावरून ग्राहक मंचात तुम्ही चार वर्षं जात होतात ना?

देशपांडे, ७:३६
ते वेगळं होतं.

मेघना (ॲडव्होकेट), सी-५०१, ८:१०
थोडं बोलू का? पाचशेच भर, हे म्हणणं वरवर सोपं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली आपल्या राज्यात पहिल्या वेळी ५००, त्यानंतर १५०० घेतात. न तोडलेला सिग्नल तोडला म्हणून कबूल केला, तर पुढचं खरंखुरं चलान दुसरा गुन्हा म्हणून येऊ शकतं. मुलगा चुकत नाहीये.
आणि कॅमेऱ्याच्या चलानाला नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ घातला. फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट हवेत, जागा, तारीख, वेळ हवी, नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. ओंकार, तुला नोटीस कधी मिळाली?

ओंकार, ८:१३
मिळालीच नाही ताई. आजोबांचा जुना नंबर रजिस्टर होता, ते सिम बंद होऊन पाच वर्षं झाली. पोर्टलवर सहज गाडीचा नंबर टाकला तेव्हा कळलं.

मेघना (ॲडव्होकेट), ८:१५
मग त्या मुद्द्यावर फार जोर देऊ नको. मोबाइल नंबर बदलून घेणं आपलं काम. फोटोवर बोल, फोटो बोलका आहे.
सगळ्यांनीच आपापला नंबर तपासा बरं का. निम्म्या सोसायटीचे मेसेज बंद सिमवर जात असतील.

शेख भाई, ८:२०
खरंय मॅडम. माझी जुनी इंडिका विकायला काढली तेव्हा चार चलानं निघाली. दोन माझ्या ड्रायव्हरची, दोन कोणाची अल्ला जाणे. गिऱ्हाईक समोर बसलेलं. भरली गपचूप.

प्रसाद, ८:२२
ताई, सहा महिने गप्प बसलं की चलान बाद होतं असं ऑफिसात एकजण सांगत होता.

मेघना (ॲडव्होकेट), ८:२६
नुसता दंडच होऊ शकतो अशा गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते, तेवढं खरं. पूर्वी सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१४. पण प्रकरण वेळेत दाखल झालं असेल तर मुदत संपली म्हणता येत नाही. आणि पोर्टलवरचा आकडा आपणहून पुसला जात नाही. गप्प बसा असं मी कोणाला सांगणार नाही.

जगताप, ८:२७
लोकअदालतीचं मात्र कोणी मनावर घेत नाहीये.

नलिनी काकू, ८:४०
ते गेटबाहेरचं काय प्रकरण आहे? तिथे तर सगळेच लावतात.

ओंकार, ८:४३
पोलिसांच्या ॲपवर कोणीतरी फोटो काढून पाठवलाय. फोटो चलानासोबत दिसतो, टाकतो इथे.
(फोटो)

नलिनी काकू, ८:५१
फोटो वरून काढलाय. पहिल्या मजल्यावरून. खालच्या कोपऱ्यात कोरफडीची कुंडी दिसतेय, निळी, कानाशी टवका उडालेली.

प्रसाद, ८:५२
काकू 🙏 तुम्ही सीआयडीत हव्या होतात.

शेख भाई, ८:५२
निळी कुंडी बोले तो...

नलिनी काकू, ८:५३
मी कोणाचं नाव घेत नाही. चेअरमनसाहेबांनी घालून दिलेला पायंडा आहे.

देशपांडे, ९:२०
हो, मीच पाठवला. लपवायचं काय त्यात? ॲप नागरिकांसाठीच आहे. १ तारखेला सकाळी सव्वासातला गाडी गेटसमोर उभी होती. रात्रीपासून. तारीख बदलली, बाजू बदलायला हवी होती. पी-१, पी-२ चे बोर्ड काय शोभेला लावलेत?

स्मिता, ९:२४
देशपांडे काका, खाली येऊन एकदा बेल वाजवली असतीत. ओंकारला लहानपणी तुम्हीच गणित शिकवलंत.

देशपांडे, ९:२६
व्यक्तिगत काही नाही. नियम म्हणजे नियम.

शेख भाई, ९:३१
काका, एक मिनिट. आपल्या गेटसमोर पी-१ आहे. पी-१ म्हणजे विषम तारखांना पार्किंग चालतं. गाडी ३१ च्या रात्री लावली, ३१ विषम. दुसऱ्या दिवशी १ तारीख. १ पण विषमच. महिना ३१ चा असला की लागोपाठ दोन विषम येतात, आम्ही धंदेवाले हे बोटावर मोजतो. गाडी बरोबर जागी होती.

प्रसाद, ९:३२
🤐

नलिनी काकू, ९:३३
गणित शिकवायचे म्हणे.

ओंकार, ९:३५
हेच पोर्टलवर लिहिलं होतं मी.

देशपांडे, ९:५८
हिशोब मान्य. पण गाडी रोज रात्री रस्त्यावर ठेवणं योग्य आहे का, हा मूळ प्रश्न आहे.

स्मिता, १०:०२
मूळ प्रश्न काढताय तर सांगते. २०२२ च्या मीटिंगमध्ये आमची खांबाजवळची जागा डी विंगच्या दुसऱ्या चारचाकीला दिली. स्कूटरचं बघू म्हणाले. अजून बघताहेत.

गोखले (चेअरमन), १०:०५
तो ठराव सर्वानुमते झाला होता. इतिवृत्त ऑफिसात आहे.

स्मिता, १०:०६
सर्वानुमते म्हणजे आम्ही सासूबाईंच्या दहाव्याला गेलो होतो तेव्हा.

गोखले (चेअरमन), १०:०७
रात्री दहानंतर संदेश टाकू नयेत ही विनंती सर्वांनीच पाळावी. शुभ रात्री. 🙏

सोमवार

जगताप, दुपारी १:४८
आरटीओ_चलान.एपीके

प्रसाद, १:४९
हे कोणीही उघडू नका!!! जगताप काका, तुमचा फोन हॅक झालाय.

नलिनी काकू, १:५०
मी उघडलं. उघडत नाहीये.

प्रसाद, १:५०
काकू, विमान मोडवर टाका फोन. येतो खाली.

मेघना (ॲडव्होकेट), १:५५
चलान कधीच ॲपची फाइल म्हणून येत नाही. मेसेज आला तरी त्यातल्या लिंकवर बोट न ठेवता सरकारी पोर्टलवर जाऊन स्वतः गाडीचा नंबर टाकायचा. ती फाइल आत बसली की तुमचे ओटीपी वाचते. जगताप काका, आधी बँकेला फोन करा. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार.

गोखले (चेअरमन), २:०३
जगताप यांना तूर्त ग्रुपमधून काढले आहे. गैरसमज नसावा.

शेख भाई, २:१०
त्यांना शनिवारच्या चर्चेनंतर आपलं पण चलान असेल असं वाटलं बहुतेक. बिचारे.

भिडे आजोबा, सायं. ५:१५
नलिनीताई, फोन ठीक आहे ना? आमच्या वेळी तार आली की लोक रडायला लागायचे, आता फाइल आली की.

नलिनी काकू, ५:४०
ठीक आहे. माझा फोन इतका जुना आहे की त्यात व्हायरससुद्धा शिरत नाही, असं प्रसाद म्हणाला. एचएसआरपीचा, त्या नव्या सुरक्षा नंबरप्लेटचा, कॅम्प सोसायटीत ठेवा ना कोणीतरी. दुचाकीला ४५० अधिक जीएसटी आहे, बाहेरचा माणूस भलतंच सांगत होता.

गोखले (चेअरमन), ५:४८
वेगळा विषय, वेगळा संदेश टाकावा.

मंगळवार

ओंकार, रात्री ८:३०
मेघनाताई, उद्या ११ ला शिवाजीनगर. वकील लावायला हवा का? आजोबा आणि मी दोघेच जातोय.

मेघना (ॲडव्होकेट), ८:४१
लागणार नाही. समन्स मालकाच्या नावाने आहे, आजोबा हजर हवेत. गाडीचं आरसी बुक, मूळ नसेल तर डिजिलॉकरवरचं चालतं. स्कूटरचा चारही बाजूंनी फोटो, कागदावर छापून. चलानावरचा मोटरसायकलचा फोटो शेजारी ठेवायचा. साहेब विचारतील गुन्हा कबूल आहे का, आजोबांनी नाही म्हणायचं. तेवढंच. बहुतेक पुढची तारीख पडेल, पोलिसांना पुरावा आणायला सांगतील. एका दिवसात संपेल अशा आशेने जाऊ नका, डबा न्या.

भिडे आजोबा, ८:५०
तेवढंच? मी दोन पानं लिहून काढली आहेत.

मेघना (ॲडव्होकेट), ८:५१
घरी ठेवा आजोबा. 🙏

स्मिता, ८:५५
रिक्षाने जा म्हणतेय तर आजोबा-नातू दोघांनाही स्कूटरच न्यायची आहे. साहेबांना दाखवायला म्हणे.

भिडे आजोबा, ८:५९
आरोपीला कोर्टात हजर केलंच पाहिजे. आणि जगतापांना परत घ्या हो ग्रुपवर. बँकेत जाऊन आले, पैसे शाबूत आहेत.

बुधवार

देशपांडे, सकाळी ६:०५
(फोटो)
गेटसमोरच्या पी-१ बोर्डाचा. तारीख-वेळ दिसते आहे. बोर्डावर ‘विषम तारखा’ स्पष्ट वाचता येतंय. लागला तर वापरा.

ओंकार, ६:४०
थँक्यू काका.

नलिनी काकू, ७:०२
कुंडी आली नाही या वेळी फोटोत.

भिडे आजोबा, ८:१५
मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं ना? घरात एकच आहे. माझ्या डोक्याला बसेल असं कोणाकडे आहे का? २०१९ ला सक्तीविरुद्ध मी स्वतः सह्या गोळा केल्या होत्या, त्यामुळे विकत कधी घेतलं नाही.

प्रसाद, ८:१६
माझं न्या, पण त्यावर कवटी काढलीये.

भिडे आजोबा, ८:१७
कोर्टात कवटी नको.

देशपांडे, ८:१९
माझं घेऊन जा. पांढरं आहे, आयएसआय मार्क आहे. दाराबाहेर ठेवतो. परत देताना आतून पुसून द्या.

गोखले (चेअरमन) यांनी जगताप, ए-४०५ यांना ग्रुपमध्ये जोडले.

जगताप, ८:३२
सर्वांचे आभार. फोन नवा घेतला. भिडेकाका, निघालात का? लोकअदालतीचं साहेबांना विचारून बघा.