मदत हवी आहे : तांबट आळीतलं चित्र अडलंय

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये तैलरंगात काम करते. आजोबा तांबट, त्यामुळे हंडे-घंगाळी ठोकणारे हात हाच माझा आवडीचा विषय. ओळखीचं माणूस असलं की चेहरा सहज उतरतो. गिऱ्हाइकाने अनोळखी माणसाचा फोटो पाठवला की नाक-डोळे जुळतात, पण माणूस येत नाही.

सध्या आजोबांचंच मोठं चित्र चाललंय. आधार काय, तर लग्नातला एक कृष्णधवल फोटो, त्यात ते कोट घालून ताठ उभे (घरी त्यांना कोटात कोणीच पाहिलेलं नाही!). कामाला बसण्याची ढब आठवते, पण हातोडा नेमका कुठे धरायचे ते नाही. तांबट आळीत कोणी एखादी सकाळ बसून स्केचेस करू देईल का? ठोक्यांच्या आवाजाचं मला काही वाटत नाही.

दुसरं, तांब्याची झळाळी. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी रंगात) पांढरा मिसळला की रंग खडूसारखा मेलेला दिसतो. त्याऐवजी खालचा थर वाळल्यावर जवसाच्या तेलातलं पातळ ग्लेझ (रंगाचा पारदर्शक थर) कोणी दिलंय का? पावसाळी हवेत ते वाळायला किती दिवस धरावेत? पितृपक्षाच्या आत आत्याला चित्र दाखवायचंय.